आजीच्या चष्म्याचे भिंग

मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात कृत्रिम भिंग बसविण्याची सोय जेव्हा सर्वत्र पोहोचली नव्हती, तेव्हा शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला सुमारे १० नंबरचा जाड काचांचा चष्मा जन्मभर वागवावा लागे. असाच एक चष्मा माझ्या आजीच्या पश्चात फडताळात कित्येक वर्षे पडून होता, आणि त्यातल्याच एका काचेतून मी हल्ली फुलांची व वस्त्रांची छायाचित्रे घेतो.

१० नंबर म्हणजे १० डायऑप्टर. एका मीटरला दहाने भागले की भिंगाचे नाभीय अंतर निघते १० सेंटिमीटर. एवढा हिशेब उलगडला की पुढचे काम सोपे असते. काळ्या पुठ्ठ्याच्या एकीत एक सरकणाऱ्या दोन नळ्या, त्यांना आतून बिनचकाकीचा काळा रंग, तोंडाशी भिंग, आणि भिंगापुढे मधोमध गोल छिद्र पाडलेली चकती. दूरचे दृश्य हवे तर भिंग फिल्मपासून १० सेंटिमीटरवर राहते. ३० सेंटिमीटरवरची शेवंती हवी तर नळी ओढून ते १५ सेंटिमीटरवर न्यावे लागते. छिद्र २५ मिलिमीटरचे ठेवल्यास एफ-४ आणि साडेबाराचे ठेवल्यास एफ-८ हे माप मिळते.

ही रचना माझी नव्हे. छायाचित्रणाचा जन्मही झाला नव्हता तेव्हा, १८१२ साली, विल्यम हाइड वोलॅस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने कॅमेरा ऑब्स्क्युरासाठी चंद्रकोरीसारखे एकच भिंग सुचविले होते: खोलगट बाजू दृश्याकडे आणि छिद्र तिच्यापुढे. १९०० साली कोडकने एका डॉलरला विकायला काढलेल्या ब्राउनी कॅमेऱ्यातही अशीच एकुलती एक काच होती.

एकट्या काचेचे कसूर दोन. तिच्या कडेने शिरणारे किरण मध्यातून जाणाऱ्या किरणांच्या आधीच एकत्र येतात, हे गोलीय विपथन. आणि निळा प्रकाश तांबड्याच्या अलीकडे केंद्रित होतो, हे वर्णविपथन. परंतु पहिल्या कसुराचा परिणाम नीट न्याहाळला, तर प्रतिमा सरसकट पुसट झालेली नसून, मध्यकिरणांनी रेखलेल्या स्पष्ट आकृतीवर कडेच्या किरणांनी प्रकाशाचा एक विरळ पदर पांघरलेला आहे, असे ध्यानात येते. छिद्र लहान करावे तसतसा तो पदर गळत जातो. फोकस चुकल्याने आलेली अस्पष्टता आणि ही मृदुता यांची गल्लत करणाऱ्यांनी या भिंगांवर फार अन्याय केला आहे.

या मृदुतेचे मर्म ज्याने फुलात आणि पोशाखात सारख्याच अधिकाराने ओळखले, तो छायाचित्रकार बॅरन अडॉल्फ द मेयर. बोस्टनच्या पिंकहॅम अँड स्मिथ यांचे, विपथन हेतुपुरस्सर शिल्लक ठेवलेले भिंग तो वापरी, आणि प्रकाश बहुधा मागून घेई. काचेच्या पात्रातील कमळांचे त्याचे १९०६ चे चित्र पाहावे: पाकळी, पाणी आणि काच या तिन्ही पारभासक द्रव्यांतून प्रकाश गाळून येतो, आणि त्यांच्या सीमा एकमेकींत विरघळूनही कमळाचे कमळपण कोठे ढळत नाही. १९१३ च्या सुमारास 'व्होग' या फॅशनच्या मासिकाने त्याला चाकरीस घेतले, तेव्हा हीच दृष्टी त्याने रेशीम, जाळीदार वस्त्रे आणि मोत्यांकडे वळविली. पुष्पचित्रांत साधलेली कला त्याने फॅशनच्या दरबारात आणली, असे माझे मत आहे. वस्त्राकडे त्याने पाकळीसारखेच पाहिले.

पुढे वारे फिरले. १९३२ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या एफ-६४ या छायाचित्रकारांच्या गटाने नावातच बारीक छिद्राचा पुकारा केला; त्यातल्या इमोजेन कनिंगहॅम यांची मॅग्नोलियाची फुले पाहिल्यावर काटेकोर रेखीवपणाचेही सामर्थ्य नाकारता येत नाही. तथापि म्हणून मृदू भिंग हद्दपार करण्याचे कारण नव्हते.

माझा अनुभव सांगतो. गर्द पानांपुढची पांढरी तगर एफ-४ वर अशी उजळते, की तिच्याभोवती प्रभामंडल उभे राहते आणि त्याच्या कडेला किंचित जांभळी झाक येते. जास्वंदीला हा लाभ होत नाही, कारण या भिंगाला मुख्यतः उजेडाचा आणि अंधाराचा विरोध लागतो. भाचीला पैठणी नेसवून उभे केले, तेव्हा जरीचा प्रत्येक ठिपका दिव्यासारखा फुलला, मात्र पदरावरचे मोर त्या तेजात बुडाले. छिद्र एफ-८ वर आणल्यावर मोर परतले आणि जरीची झळाळीही पुष्कळशी टिकली. चेहरा अधिक नाजूक प्रकरण आहे. डोळ्यांत धार राहिली नाही तर माणूस मेणाचा दिसतो. पाठीमागे उघडे आकाश असले तर सारेच चित्र पांढुरके पडते, म्हणून मागे काळे कापड बांधणे अवश्य. सूर्याकडे तर हे भिंग कधीच रोखू नये.

असे जाड चष्मे आता क्वचितच कोणी वापरतो. आपल्या घरातल्या कोणा वडीलधाऱ्याचा असा चष्मा पेटीत किंवा फडताळात पडला असेल, तर तो भंगारात देऊ नका. त्याचे एक भिंग सोडवा, पुठ्ठ्याची नळी करा, आणि पहिले चित्र पांढऱ्या फुलाचे घ्या.