पहिली मोटारसायकल : रोजची वाट आणि गावची वाट

विक्रोळीतल्या कन्नमवारनगर, टागोरनगर, पार्कसाईट, सूर्यानगर अशा आपल्या वस्त्यांतून घरातला मुलगा किंवा मुलगी कामाला लागली, की वर्षा-दोन वर्षांत गाडीचा विषय निघतोच. लोकलची गर्दी, बसची वाट पाहणे, रात्रपाळी सुटल्यावर रिक्षाला द्यावे लागणारे पैसे, ही कारणे खरी आहेत. हल्ली त्यात एक नवी मागणी आली आहे. तरुण मंडळी म्हणतात, "अशी गाडी घेऊ, की रोज कामालाही जाईल आणि गावच्या कच्च्या रस्त्यावरही चालेल." उंच बैठक, मोठे पुढचे चाक, लांब शॉकॲब्जॉर्बर असलेली ही गाडी बाजारात 'डुअल स्पोर्ट' किंवा 'ॲडव्हेंचर' या नावाने विकली जाते. आम्ही तिला दुहेरी वापराची गाडी म्हणतो. पहिलीच गाडी म्हणून ती घ्यावी का, याचा विचार घरातल्या सर्वांनी मिळून करावा, म्हणून हा लेख.

बाजारात काय आहे?

आपल्या देशात स्वस्तातली दुहेरी गाडी फार उशिरा आली. हीरो कंपनीने २०११ साली 'इम्पल्स' ही १५० सीसीची गाडी काढली. ती फार चालली नाही आणि काही वर्षांत बंद झाली. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची ४११ सीसीची 'हिमालयन' आली, पण ती वजनाने आणि किमतीने भारी होती. मे २०१९ मध्ये हीरोची 'एक्सपल्स २००' आली. तिची शोरूम किंमत ९७ हजारांपासून सुरू होत होती, त्यामुळे नोकरदार मुलांना ही गाडी प्रथमच हाताशी आली. जानेवारी २०२५ मध्ये 'एक्सपल्स २१०' आली, तेव्हा किंमत १ लाख ७६ हजारांच्या घरात गेली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेली ४५२ सीसीची नवी 'हिमालयन' २ लाख ६९ हजारांपासून होती, आणि डिसेंबर २०२४ मध्ये आलेली कावासाकीची 'केएलएक्स २३०' ३ लाख ३० हजारांना.

सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आणला आणि त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के लावला. म्हणजे मोठ्या इंजिनाची हौस आता करानेही महाग केली आहे.

आधी कागद घ्या

शोरूममध्ये जाण्याआधी घरी एक कागद घ्या. महिन्यात कामासाठी किती किलोमीटर, आणि वर्षात कच्च्या रस्त्याने किती किलोमीटर, हे लिहून काढा. विक्रोळीहून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने अंधेरीच्या एमआयडीसीकडे जाणाऱ्याचे येऊन-जाऊन वीस-बावीस किलोमीटर होतात, महिन्याला सुमारे ५००. गावी मात्र गणपती, मे महिना आणि एखादे लग्न एवढ्यापुरतेच जाणे होते, आणि त्यातला कच्चा रस्ता बहुधा शेवटच्या पाच-दहा किलोमीटरचाच.

तुमचा कागद असा निघाला, तर आमचे मत स्पष्ट आहे. साधी शंभर सीसीची गाडी पुरते. गावोगावचे शेतकरी त्याच गाडीवरून बांधापर्यंत जातात, दुधाचे कॅन नेतात. पण ज्याचे कामच कच्च्या रस्त्याचे आहे त्याची गोष्ट वेगळी. मोबाईलच्या टॉवरची देखभाल करणारा, मुरबाड-शहापूरकडच्या बांधकामावर देखरेखीला जाणारा, जमीन मोजणीच्या कामात असलेला, किंवा दर पंधरा दिवसांनी गावी आईवडिलांकडे जाणारा, यांना दुहेरी गाडीचा खरा उपयोग आहे.

पैसा कशाचा मोजायचा?

दुहेरी गाडीत जास्तीचे पैसे कशाला पडतात, ते समजून घेऊ. एक्सपल्स २०० चे पुढचे चाक २१ इंची आहे. मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते आणि दगडावरून सहज चढते. गाडीचे पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर वर आहे, स्प्लेंडरचे १६५. पुढचा शॉकॲब्जॉर्बर १९० मिलिमीटर दबतो, म्हणून खड्ड्याचा धक्का मनगटाला आणि कमरेला कमी बसतो. पावसाळ्यानंतरच्या मुंबईच्या रस्त्यावरही हा गुण कामी येतो.

दुसरा गुण मडगार्डचा. मराठवाडा-विदर्भाची काळी माती पावसात चाकाला चिकटते, मडगार्ड आणि चाकाच्या मधल्या फटीत भरते आणि चाक फिरेनासे होते. पुढचे मडगार्ड चाकापासून जितके उंच, तितका हा त्रास कमी. आपले गाव कोणत्या मातीचे आहे, हे म्हणूनच पाहावे. कोकणातला लाल मुरूम उन्हाळ्यात बारीक खड्यांसारखा घसरतो आणि पावसात निसरडा होतो. तिथे खोल नक्षीचे टायर उपयोगी पडतात. मात्र तेच टायर शहरातल्या ओल्या पेव्हर ब्लॉकवर, रंगाच्या पट्ट्यांवर आणि खोदकामावर टाकलेल्या लोखंडी पत्र्यांवर गुळगुळीत रस्त्याच्या टायरइतके धरत नाहीत. मेट्रो ४ च्या कामामुळे एलबीएस मार्गावर असे पत्रे आपण सर्वांनी पाहिले आहेत. पहिल्या पावसात वेग कमी ठेवावा.

तिसरी गोष्ट चाकाची. तारांचे चाक दगडावर आदळले तर वाकते, पण सरळ करता येते; अलॉयचे चाक तडकले तर बदलावेच लागते. तारांच्या चाकात बहुधा ट्यूब असते. पंक्चर झाले की चाक उतरवावे लागते, पण गावचा पंक्चरवाला ते काम डोळे मिटून करतो. सोबत एक जादा ट्यूब ठेवावी.

उंचीचा प्रश्न

दुहेरी गाडीची सर्वांत मोठी अडचण तिची उंची आहे. एक्सपल्स २०० ची बैठक ८२३ मिलिमीटर, म्हणजे सव्वाब्याऐंशी सेंटिमीटरच्या आसपास. स्प्लेंडरची ७८५. केएलएक्सची तर ८८०. घरीच मापून पाहा. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, दोन्ही पायांमध्ये वही आडवी धरून वर दाबा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. आपल्याकडच्या मध्यम उंचीच्या माणसाचे हे माप पंचाहत्तर-सत्त्याहत्तर सेंटिमीटरच्या आसपास भरते. बसल्यावर स्प्रिंग थोडी दबते हे खरे, तरी असा माणूस उंच गाडीवर चवड्यांवरच उभा राहतो.

एकट्याला हे सवयीने जमते. पण मागे पत्नी किंवा आई बसली आहे, हातात पिशव्या आहेत, पार्कसाईटच्या चढावर रिक्षा अचानक थांबली आहे, अशा वेळी दीडशे किलोंहून जड गाडी एका चवड्यावर तोलायची असते. म्हणून शोरूममध्ये एकट्याने बसून पाहू नका. जी व्यक्ती मागे बसणार तिलाही घेऊन जा. घरातली मुलगी ही गाडी चालवणार असेल तर निर्णय तिच्या पायांच्या मापाने करा, भावाच्या नव्हे.

साडीगार्ड काढून टाकण्याची फॅशन आहे, त्याला आमचा सक्त विरोध आहे. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकला जावा आणि मागे बसणाऱ्याला धरायला मूठ असावी, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे. चाकात पदर किंवा ओढणी अडकली तर काय होते, हे सांगायला नको.

मोठे इंजिन कशाला?

विक्रेता म्हणेल, थोडे पैसे टाका आणि मोठी गाडी घ्या. आम्ही विचारतो, ती पळवणार कुठे? पूर्व मुक्त मार्ग, अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, या वेगाच्या रस्त्यांवर दुचाकीला बंदी आहे. महाड-माणगावला जायचे तर वाशी-पनवेलवरून आणि मुंबई-गोवा महामार्गाने, जुन्नरला जायचे तर कल्याण-मुरबाड-माळशेजनेच जावे लागते. तिथे साठ-सत्तरचा वेग पुरे. २०० सीसीच्या वर आपल्या कामाचे काही मिळत नाही. वजन, कर आणि हप्ता मात्र वाढतो.

हप्त्याचा हिशेब

दीड लाखाचे कर्ज तीन वर्षांसाठी ११ टक्क्यांनी घेतले, असे धरू. व्याज उरलेल्या मुद्दलावर असेल तर हप्ता सुमारे ४,९१० रुपये बसतो आणि एकूण व्याज २७ हजारांच्या आत राहते. तेच ११ टक्के 'फ्लॅट' असतील तर हप्ता ५,५४२ आणि व्याज साडेएकोणपन्नास हजार! दर तोच, पण खिशातून साडेबावीस हजारांहून अधिक जादा जातात. म्हणून एकच प्रश्न विचारा : "फ्लॅट की रिड्युसिंग?" आणि उत्तर लेखी घ्या. सोने गहाण ठेवून डाउन पेमेंट भरू नका.

पेट्रोलही मोजा. महिन्याला ५०० किलोमीटर, लिटर शंभर रुपये धरले, तर ६० च्या ॲव्हरेजला ८३३ रुपये लागतात, ४० च्या ॲव्हरेजला १,२५०. तीन वर्षांत १५ हजारांचा फरक पडतो.

कागदपत्रे आणि जीव

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. आपले कार्यालय वडाळ्याचे, एमएच-०३. नव्या दुचाकीला सप्टेंबर २०१८ पासून पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्यासोबत मालक-चालकाचे १५ लाखांचे अपघात संरक्षण घ्यावे. घरात मिळवता माणूस एकच असेल तर ते टाळूच नये. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचे, आणि दोन. चार वर्षांखालच्या मुलाला नेताना हेल्मेट, पट्टा आणि ताशी ४० ची मर्यादा असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. मागे एकालाच बसवण्याची परवानगी आहे. नवरा, बायको आणि दोन मुले एका गाडीवर, हे थांबलेच पाहिजे.

जुनी गाडी घेत असाल तर पुढच्या शॉकॲब्जॉर्बरच्या नळ्यांवर तेल गळते का, चाक फिरवल्यावर डुलते का, इंजिनखालचा पत्रा चेपला आहे का, हे पाहा. चेपलेला पत्रा सांगतो की गाडी दगडांवर आपटली आहे. आर.सी. वर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पैसे देऊ नका. न भरलेली चलने ऑनलाइन तपासा.

शेवटची सूचना चालवण्याची. दुहेरी गाडी घेतली म्हणजे कच्चा रस्ता आपोआप जमतो असे नाही. खड्यांच्या उतारावर एबीएस ब्रेक वारंवार सोडतो, त्यामुळे गाडी थांबायला जास्त अंतर लागते. म्हणून उतरण्याआधीच वेग कमी करा, खालच्या गिअरमध्ये या, पुढचा ब्रेक हळुवार दाबा. खडबडीत जागी पायदानावर उभे राहून गुडघ्यांनी टाकी धरली तर तोल नीट राहतो. पहिले काही दिवस हे मोकळ्या मैदानात शिका, मागे कोणालाही न बसवता.

वाचक बंधू-भगिनींनो, गाडी घेणे ही आनंदाची गोष्ट आहे आणि कष्टाच्या पैशातून आलेल्या आनंदावर कोणी नाक मुरडू नये. पण जाहिरातीतला डोंगर आपल्या वाटेत नाही. आपल्या वाटेत शिफ्टची वेळ आहे, दर महिन्याचा हप्ता आहे आणि गावचे शेवटचे पाच किलोमीटर आहेत. तुमच्या कागदावरचे आकडे ज्या गाडीकडे बोट दाखवतील तीच घ्या.