वाकणारा रॅक, न वाकणारी टाकी

लडाख किंवा स्पितीला निघालेली मोटरसायकल फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये येते, तेव्हा मागणी बहुतेक वेळा एका दमात सांगितली जाते: टाकी मोठी करा आणि रॅक असा बनवा की तुटता कामा नये. दोन्ही गोष्टी तपासून घ्यायला हव्यात. टाकी किती मोठी हवी हा हौसेचा नाही, हिशेबाचा प्रश्न आहे. रॅकबद्दलची अपेक्षा तर उलट्या टोकाची आहे. सामान लादलेली गाडी दगडांवर आडवी झाली की तो मार कुणीतरी खाणारच. रॅकने खाल्ला नाही तर तो बोल्टमधून मागच्या चासीत उतरतो आणि चासी वाकली की प्रवास तिथेच संपतो. म्हणून रॅक वाकू शकेल असा हवा, आणि टाकी मात्र अशी बसवायला हवी की कुठलाही ताण तिच्यापर्यंत पोहोचूच नये. मापं, धातू, वेल्डिंग हे सगळं या फरकावरून ठरायला हवं. प्रत्यक्षात मात्र बऱ्याचदा दोन्हींना एकच न्याय लावला जातो: जाड पत्रा आणि भरपूर वेल्डिंग.

आधी पेट्रोलचा हिशेब. मनाली–लेह रस्त्यावर तांदीच्या पंपाशेजारी पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी वर्षानुवर्षं उभी होती. मोठ्या टाकीची निम्मी भीती त्या पाटीतून आलेली आहे. हिमालयन ४११ या मोटरसायकलची टाकी १५ लिटरची आहे. लिटरला तीसचं मायलेज धरलं तर साडेचारशे किलोमीटर होतात. चढ, सामान आणि खालचे गिअर यांमुळे ते पंचवीसवर आलं तरी ३७५. म्हणजे गाडी पोहोचते, पण काठावर. एक्सपल्स २०० ची टाकी १३ लिटरची, केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरची साडेचौदा. तिथेही तूट पाच-सहा लिटरच्या पुढे जात नाही. मग वीस-तीस लिटरची टाकी डोळ्यांसमोर का येते? ते चित्र सहाराचं आहे. पॅरिस–डकार शर्यत गाजल्यावर बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस या गाडीची ३२ लिटरच्या टाकीची आवृत्ती काढली, आणि तेव्हापासून लांबच्या प्रवासाची गाडी म्हटली की फुगलेली टाकी हे समीकरण बसलं. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरतं. गरज नसलेले दहा लिटर म्हणजे साडेसात किलो, आणि तेही गाडीच्या सर्वात उंच भागात. वाळूत किंवा ओढ्यातल्या गोट्यांवर गाडी सावरताना ते जाणवल्याशिवाय राहत नाही.

तर मूळ टाकी तशीच ठेवून वेगळी लावायची जोडटाकी सहा लिटरची पुरे. ३० बाय २० बाय १० सेंटिमीटरची चपटी पेटी या मापात बसते. आधी पुठ्ठ्याचा फर्मा कापून सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला, साइड पॅनलच्या मागे धरून पाहतात. स्विंगआर्म वर आल्यावर आणि पाय मागे गेल्यावर तो कुठे घासतो हे पुठ्ठ्यावरच कळलेलं बरं. दोन मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात अशी टाकी सव्वा किलोच्या आसपास होते, सव्वा मिलिमीटर लोखंडात दोन किलोंच्या पुढे जाते. इथे अ‍ॅल्युमिनियम घ्यावं, कारण ते गंजत नाही आणि आपण टाकीला भार उचलायला लावणारच नाही. वेल्डिंगला मात्र हा धातू नखरेल. तो ६६० अंशांना वितळतो, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा अदृश्य थर दोन हजार अंशांनंतरही टिकून राहतो. म्हणून कडा अ‍ॅसिटोनने पुसतात, अ‍ॅल्युमिनियमसाठीच वेगळा ठेवलेला स्टीलचा ब्रश फिरवतात आणि आर्गॉनच्या झोतात एसी करंटवर टिग वेल्डिंग करतात. करंटचा एक फेरा थर फोडतो, दुसरा धातू वितळवतो. लोखंडासारखं हे आधी लाल होऊन इशारा देत नाही. कडा एकाएकी लकाकते, आणि त्याच क्षणी पायाखालचं करंटचं पेडल सैल केलं नाही तर भोक पडतं. आत पेट्रोल हिंदकळू नये म्हणून भोकं पाडलेली एक आडवी पट्टी बसवतात; ती शेवटची बाजू बंद करण्याआधीच बसवावी लागते.

गळती तपासताना बरेच जण घाई करतात. सगळी तोंडं बंद करून, थोडी हवा भरून, जोडांवर साबणाचा फेस फिरवायचा, एवढंच काम. पण कॉम्प्रेसरची नळी लावायचा मोह आवरायला हवा. या टाकीच्या मोठ्या बाजूवर फक्त तीन पौंड दाब दिला तरी तिच्यावर एकूण सव्वाशे किलोंचा जोर येतो. सपाट पत्रा तेवढ्याने फुगतो, आणि बांधणीत कुठलाही दोष नसलेली टाकी तपासणीतच बाद होते. सायकलचा पंप पुरतो.

जोडटाकीवरचा सर्वात वजनदार आक्षेप असा की प्लॅस्टिकचा पाच लिटरचा कॅन असताना एवढा खटाटोप कशाला? आक्षेप बराचसा मान्य करावा लागतो. चांगल्या कॅनला वेल्डिंगचे जोड नसतात, आपटला तर तो दबून परत फुगतो, आणि रिकामा झाला की काढून ठेवता येतो. शिवाय खाली बसवलेल्या जोडटाकीतून मुख्य टाकीत पेट्रोल आपोआप चढत नाही. छोटा पंप, नळ्या, हवेची वाट असा सगळा संसार मागे लागतो. माझ्या मते दहातल्या आठ जणांनी कॅनच घ्यावा. पण तो मागच्या सीटवर रबरी दोरीने बांधलेला नको, रॅकमध्येच खाली त्याच्यासाठी चौकट करून घेतलेली हवी. म्हणजे टाकीचा प्रश्न शेवटी रॅककडेच येतो.

वीस किलोंची बॅग मागच्या अ‍ॅक्सलच्या तीस सेंटिमीटर मागे टांगली तर हिमालयन ४११ च्या १,४६५ मिलिमीटर व्हीलबेसवर पुढचं चाक चार किलोंनी हलकं होतं. तीच बॅग अ‍ॅक्सलच्या वीस सेंटिमीटर पुढे आणली तर पुढच्या चाकावर पावणेतीन किलो वाढतात. सामान तेच, फरक जवळजवळ सात किलोंचा. त्यामुळे रॅक शक्य तेवढा पुढे आणि अंगालगत हवा. सोळा मिलिमीटरचा, सोळा गेजचा साधा लोखंडी ईआरडब्ल्यू पाइप. मागच्या फूटरेस्टचा बोल्ट, ग्रॅब रेलचा बोल्ट आणि शेपटाकडचा एक, असे तीन टेकू. आणि नंबर प्लेटमागून डाव्या-उजव्या बाजूंना जोडणारा आडवा पाइप. खर्च वाचवायला म्हणून हा शेवटचा पाइप गाळला जातो, आणि मग प्रत्येक खड्ड्यात दोन्ही बॅगा स्वतंत्रपणे आत-बाहेर डुलत राहतात. तडा जातो तो या डुलण्याने. वेल्डिंगचा मणी शाबूत असतो. त्याच्या कडेला, जिथे पाइप तापून निवलेला असतो, तिथे केसाएवढी तांबूस रेघ दिसते. अशा वेळी मजबुतीसाठी तिकोनी पट्टी ठोकली आणि तिचं टोक पाइपच्या मधोमध सोडलं तर पुढची रेघ नेमकी त्या टोकापाशी उमटते.

अ‍ॅल्युमिनियमचा रॅक हलका होईल हे खरं आहे. पण रॅकचं अख्खं आयुष्य हेलकाव्यांत जातं, आणि लहान हेलकावेही अ‍ॅल्युमिनियममध्ये थकवा साठवत राहतात. लोखंडात एका मर्यादेखालचा ताण तसा साठत नाही. टणक ६०६१ मिश्रधातू वेल्डिंगच्या आसपास आपली बरीचशी ताकद गमावतो, ते वेगळंच. वाकलेलं लोखंड पान्याने, दगडाने, लाकडी ठोकळ्याने पुन्हा जागेवर आणता येतं, आणि ट्रक दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही टपरीत त्याला टाका पडतो. आर्गॉनचं सिलिंडर त्या टपरीत नसतं. वाकणारा रॅक पुन्हापुन्हा वाकेल, ही तक्रारही रास्त आहे. त्यावर उपाय असा की रॅक चासीला धरणारे बोल्ट मुद्दाम जरा बारीक ठेवायचे, म्हणजे मोठ्या आपटीत आधी ते तुटतील, आणि त्यांचे जादा नग हत्यारांच्या पिशवीत टाकायचे. टाकी रॅकवर कधीच घट्ट आवळायची नाही; रबरी बुशवर बसवायची आणि पट्ट्याने धरायची, म्हणजे रॅक पिळवटला तरी तिचे जोड पिळवटत नाहीत.

मूळ टाकी कापून मोठी करणं यातून बाजूलाच ठेवावं. पेट्रोलच्या वाफा राहिलेली रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांपासून गाडी दूर नेणारे बदल रोखतं, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. बोल्ट सोडला की उतरणारा, चासी कुठेही न कापता बसवलेला रॅक वाद कमी ओढवून घेतो. पावडर कोटिंग सर्वात शेवटी. आधी उघड्या लोखंडावरच वाळूच्या पिशव्या बांधून खराब रस्त्यावर गाडी भरपूर पिटाळावी, बोल्ट पुन्हा आवळावेत, प्रत्येक जोडाची कड बॅटरीच्या उजेडात पाहावी. गिऱ्हाइकाला रॅक काळा, चकचकीत आणि शनिवारच्या आत हवा असतो, हे वर्कशॉपवाल्याला ठाऊक असतंच. त्याने तो आठवडाभर उघडाच ठेवायला सांगितला, तर कारागीर बरा मिळाला असं समजायला हरकत नाही.