उन्हाळ्यातले काम : पुण्याची गाडी पकडण्याआधी

भीमजयंतीचा मंडप उतरला की बुलडाणा जिल्ह्यातल्या आपल्या वस्त्यांमधून मुले निघायला लागतात. चिखली, मेहकर, लोणारकडची वाळूजला किंवा चाकण-रांजणगावला, मलकापूर-नांदुऱ्याची रेल्वेने सुरतला. बारावीचे पेपर झालेले असतात, नाहीतर बी.ए.चे एक वर्ष संपत आलेले असते. घरी सांगणे एकच असते : दोन महिने काम करतो, फीचे पैसे झाले की जूनमध्ये परत येतो. काही येतात. काही दिवाळीला येतात, तोवर प्रवेशाची मुदत गेलेली असते आणि खिशातले पैसे खोलीभाड्यात, मेसमध्ये संपलेले असतात. ठेकेदाराने हातात काहीच कागद दिलेला नसतो, त्यामुळे सहा महिने मशीनवर उभे राहूनही अनुभव शून्य.

उन्हाळ्यात काम करू नका, असे आम्ही म्हणणार नाही. ज्या घरात दोघेही मजुरीला जातात तिथल्या पोराला असा उपदेश करणे सोपे आहे आणि निरुपयोगीही. आमचे म्हणणे एवढेच की कामाचे तीन वेगळे प्रकार आहेत. त्यांची गल्लत होते म्हणून नुकसान होते. रोजंदारीने पैसे मिळतात, इंटर्नशिपने ओळख आणि क्रेडिट मिळते, आणि अप्रेंटिसशिपने विद्यावेतनासह कायद्याने मान्य असलेले प्रमाणपत्र मिळते. यातले नेमके काय हवे ते गाडीत बसण्याआधी ठरवा.

आधी रोजंदारी. शिक्षण चालू असेल तर ती घराजवळचीच बरी. मे-जूनमध्ये प्रवेशासाठी उत्पन्नाचे, जातीचे, रहिवासाचे दाखले काढायला सेतू आणि महा ई-सेवा केंद्रांवर रांगा लागतात. एमएस-सीआयटी झालेल्या आणि मराठी टायपिंग येणाऱ्या मुला-मुलींची तिथे गरज असते. पेरणीच्या तोंडावर कृषी केंद्रांना हिशेबाला आणि गोदामाला माणूस लागतो. शेगावला सुट्टीत भाविकांची गर्दी असते, तिथली हॉटेले आणि लॉज जादा माणसे घेतात. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडे शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बियाणे तयार होते. तिथे हंगामात क्रॉसिंगचे काम निघते. कृषी किंवा वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्याने ते एकदा हाताने करून पाहावे. पैसा थोडा मिळेल, पण रात्री घरी येता येते आणि निकाल लागला की दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाता येते. अठरा वर्षांखालच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी आहे, हे पालकांनीही लक्षात ठेवावे.

बाहेर कंपनीत गेलातच तर बारा तासांची शिफ्ट "इथे असेच असते" म्हणून मुकाट्याने स्वीकारू नका. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला 54 वरून 48 वर आणणारी 1946 ची दुरुस्ती त्यांनीच मांडली होती. त्या तासांच्या वर काम करून घेतले तर जादा दराने पैसे मिळाले पाहिजेत.

आता इंटर्नशिप. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचे क्रेडिट आले आहेत. एका क्रेडिटला 30 तास, म्हणजे चार क्रेडिटला 120 तास. हे 120 तास आपल्याकडे कसे भरले जातात ते सर्वांना माहीत आहे : ओळखीच्या दुकानदाराचा शिक्का, सही, झाले. ज्याच्या वडिलांचे स्वतःचे दुकान आहे त्याचे यात काही बिघडत नाही. बिघडते ते आपले, कारण बँक, वकिलाचे कार्यालय, दवाखाना किंवा वर्तमानपत्र आतून पाहण्याची आपल्या घरातली ही बहुधा पहिलीच संधी असते. सरळ अर्ज लिहा आणि प्राचार्यांचे पत्र जोडून सहकारी बँकेत, पंचायत समितीत, एखाद्या वकिलाकडे जा. चार ठिकाणी नाही म्हणतील.

मोठ्या संस्थांच्या उन्हाळी इंटर्नशिपबद्दल एक गोष्ट आपल्यापर्यंत उशिरा पोहोचते, ती म्हणजे त्यांचे अर्ज उन्हाळ्यात भरायचे नसतात. रिझर्व्ह बँक एप्रिल ते जुलै या काळात पदव्युत्तर आणि विधी शाखेच्या विद्यार्थ्यांना घेते, महिन्याला 20,000 रुपये देते, पण अर्ज आधीच्या वर्षाच्या अखेरीसच मागवते. नीती आयोगातही इंटर्नशिप मिळते, मात्र ती बिनपगारी असते. दिल्लीत राहण्याचा खर्च ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी ती संधी फक्त कागदावर आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची अल्प मुदतीची ऑनलाइन इंटर्नशिप मात्र गावात बसून करता येते. कायदा, समाजकार्य, राज्यशास्त्र शिकणाऱ्यांनी ती जरूर पाहावी.

ज्यांचे शिक्षण संपले आहे त्यांच्यासाठी 2024 मध्ये दोन योजना आल्या. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत 18 ते 35 वयोगटाला सुरुवातीला सहा महिने, बारावी उत्तीर्णांना 6,000, आयटीआय-पदविकाधारकांना 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये महिना असे विद्यावेतन ठरले. केंद्राची प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना 21 ते 24 वयोगटासाठी, बारा महिन्यांची, महिना 5,000 आणि एकदाच 6,000 रुपये अशी सुरू झाली. सुरुवातीच्या नियमांनुसार दोन्हींत नियमित शिक्षण घेत असलेला उमेदवार चालत नव्हता. केवळ यासाठी कॉलेज सोडण्याचा विचार कोणी करत असेल तर त्याला थांबवा. प्रशिक्षण संपल्यावर नोकरीची हमी यातल्या एकाही योजनेत नव्हती.

आम्हाला सर्वात महत्त्वाची वाटते ती अप्रेंटिसशिप, आणि आपल्याकडे सर्वात कमी चर्चा तिचीच होते. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. याच कायद्याच्या कलम 3-अ नुसार त्या जागांमध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी आरक्षण आहे. खासगी कारखान्यात आरक्षण नाही असे आपण सारखे ऐकतो. नोकरीत नाही, पण शिकाऊ जागेत आहे. ते कागदावरून उतरवायचे तर आधी आपले अर्ज तिथे पोहोचले पाहिजेत.

आपल्या जवळ पाहा. एसटीचा बुलडाणा विभाग, महावितरणची कार्यालये वेळोवेळी आयटीआय झालेल्यांना शिकाऊ म्हणून घेतात. मलकापूरहून रेल्वेने थोड्याच अंतरावर भुसावळ आहे. तिथल्या विद्युत इंजिन कारखान्यासाठी मध्य रेल्वे जाहिरात काढते. लेखी परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. अनुसूचित जातीच्या उमेदवारांना आणि मुलींना शुल्क नाही, अनुसूचित जातीसाठी वयातही पाच वर्षांची सवलत आहे. पुढे रेल्वेच्या लेव्हल-1 भरतीत शिकाऊ प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी 20 टक्के जागा राखीव असतात. 2019 च्या नियमांत किमान विद्यावेतन दहावीसाठी 6,000, आयटीआयसाठी 7,000, पदविकेसाठी 8,000, पदवीधरासाठी 9,000 रुपये ठरले. चाकणच्या ठेकेदाराकडे यापेक्षा जास्त मिळेल, हे खरे आहे. पण मुख्यमंत्री फेलोशिपला एक वर्षाचा अनुभव लागतो आणि त्यात काही अटींवर पूर्णवेळ अप्रेंटिसशिप धरली जाते. ठेकेदाराची हजेरी वही कोण धरणार?

शिकाऊ उमेदवार कायद्याने कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. त्यामुळे नोकरी देण्याचे बंधन मालकावर सहसा नसते, तसेच परवानगीशिवाय ओव्हरटाइमही लावता येत नाही. करार शासनाच्या पोर्टलवर नोंदलेला आहे का ते स्वतः तपासा. नोंद नसेल तर तुम्ही अप्रेंटिस नाही, स्वस्तातले हेल्पर आहात. नोंदणी, गणवेश, मेडिकल असे म्हणत एजंट पैसे मागू लागला तर तिथूनच परत फिरा.

हे सगळे अडते ते मात्र जातीच्या दाखल्यावर. बौद्ध धर्मांतरितांना 1990 च्या दुरुस्तीने केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळाले. तरीही अनेक घरांत फक्त राज्याच्या नमुन्यातला दाखला आहे. रेल्वेसारख्या केंद्रीय ठिकाणी केंद्राच्या नमुन्यातला लागतो आणि त्यात पूर्वाश्रमीच्या जातीचा उल्लेख असावा लागतो. जाहिरात आल्यावर धावपळ केली तर मुदत निघून जाते. दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. तो आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज नोंदीत सापडतो, ते शाळेत गेलेच नसतील तर तहसीलमधल्या कोतवाल बुकाच्या नकलेत. शिवाय बँक खाते आधारशी जोडलेले नसेल तर विद्यावेतन अडकून पडते.

विहारात रविवारी वंदनेनंतर तासभर दोन-तीन जण लॅपटॉप घेऊन बसले तर गावातल्या मुलांच्या पोर्टलवरच्या नोंदण्या एका महिन्यात होतात. तालुक्याला बार्टीचे समतादूत असतात, त्यांना बोलवा. बुलडाण्याच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात रोजगार मेळाव्यांच्या तारखा मिळतात, त्या विहाराच्या फळ्यावर लिहा. आणि जी मुले आधीच गेली आहेत त्यांना जूनच्या पहिल्या आठवड्यात फोन करून प्रवेशाची शेवटची तारीख कळवा.