तट शाबूत, कडी आतून

मैत्रिणींनो, गडाची गोष्ट निघाली की फितुरी आलीच! इटलीतल्या मॉन्तेरिज्जोनी या चिमुकल्या गावाचीही तीच कथा. शेजारच्या फ्लॉरेन्सवर नजर ठेवायला सिएना या नगरराज्याने १२१३ ते १२१९ च्या दरम्यान टेकडीवर हे गाव वसवलं. भोवती ५७० मीटरचा तट, १४ बुरूज आणि दोनच दरवाजे. महाकवी दान्तेने तर आपल्या काव्यात राक्षसांना या बुरुजांची उपमा दिली.

आत मात्र साधासुधा संसार. चौकात विहीर, चर्च आणि तटालगत भाजीचे मळे. वेढा पडला तरी चूल पेटायला हवी ना! आपल्या वारकऱ्यांसारखे पायी रोमला निघालेले यात्रेकरूही याच वाटेने जात.

तीन शतकं तटाने गाव राखलं. १५५४ मध्ये फ्लॉरेन्सच्या बाजूची फौज आली आणि किल्लेदार झेतीने न लढताच किल्ल्या सोपवल्या. तो मूळचा फ्लॉरेन्सचाच, तिथून हद्दपार झालेला. त्याला तिथल्या सत्ताधाऱ्यांशी समेट हवा होता. गावाला कोण विचारतो? वर्षभरात सिएनाही पडलं.

तट आजही उभा आहे. दगडांनी दगा दिला नाही. घर काय, गड काय, कडी आतूनच निघते, नाही का?