परसातील अनोळखी पाहुणे : उन्हाळ्यातील गाणारे पक्षी कसे ओळखावेत?

वैशाखात ओढे आटतात, रानातील पाणवठे कोरडे पडतात. अशा वेळी एरवी दाट झाडीत राहणारे पक्षी घरामागील परसात, विहिरीच्या काठी वा शाळेच्या आवारात दिसू लागतात. मग हा परदेशी पक्षी असावा, कोणाच्या पिंजऱ्यातून सुटला असावा, असे तर्क सुरू होतात आणि कित्येकदा त्यास पकडण्यापर्यंत मजल जाते. वस्तुतः हा पाहुणा बहुधा आपल्याच प्रदेशातील असतो. त्याचा वेष तेवढा अपरिचित असतो.

एकच पक्षी, अनेक वेष

सर्वांत मोठी फसगत रंगामुळे होते. स्वर्गीय नर्तकाचा पूर्ण वाढलेला नर पांढराशुभ्र असून त्याचे तुरेदार डोके काळेभोर असते व शेपटीत दोन लांब फिती असतात. मादी तांबूस असून तिला फिती नसतात. तरुण नर तांबूसच, परंतु फितीधारी असतो. हे तिघे निरनिराळ्या जातींचे वाटले तर नवल नाही. जांभळ्या शिंजीराचा नर विणीच्या काळात निळसर-काळा झळकतो. तो हंगाम संपला की त्याचे अंग मादीसारखे पिवळसर होते. गळ्यापासून पोटापर्यंत काळी पट्टी तेवढी उरते.

काही पक्षी ऋतुमानामुळे नवे भासतात. काळा-पांढरा दयाळ हिवाळ्यात फारसा गात नाही. उन्हाळ्यात मात्र पहाटेपासून शेंड्यावर बसून सुरेल शीळ घालतो. पावसाच्या तोंडावर दक्षिणेकडून येणारा नवरंग प्रवासात थकून परसात उतरतो. आखूड शेपटीचा हा बहुरंगी पक्षी जमिनीवर पाचोळा उलटत फिरतो आणि सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ घालतो.

नोंद आधी, नाव नंतर

म्हणून रंग पाहून नाव ठरविण्याची घाई करू नये. डॉ. सालिम अली यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकात आकार सांगताना चिमणी, बुलबुल, साळुंकी अशा परिचित पक्ष्यांशी तुलना केली आहे. तीच रीत येथेही उपयोगी पडते. प्रथम आकार, नंतर चोचीची ठेवण, शेपटीची लांबी, बसण्याची जागा, खाद्य व आवाज, आणि शेवटी रंग, या क्रमाने वहीत नोंद करावी. दिनांक व वेळ अवश्य लिहावी. पुस्तक त्यानंतर उघडावे. आधी चित्र पाहिले की न दिसलेल्या खुणाही दिसल्यासारख्या वाटतात.

पिल्लांविषयी सावधगिरी

या दिवसांत आखूड शेपटीचे, ठिपकेदार पिल्लू जमिनीवर आढळते. ते अनाथ वा दुर्मिळ समजून घरात आणले जाते व बहुधा दगावते. त्याचे आईबाप जवळच असतात. कुत्र्या-मांजरांपासून धोका असल्यास त्याला लगतच्या झुडपावर ठेवून दूर व्हावे. वर उल्लेखिलेल्या पक्ष्यांना पकडणे किंवा पाळणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे.

परसात सावलीला पाण्याचे उथळ मातीचे भांडे ठेवावे व ते रोज स्वच्छ करावे. शाळेने एक नोंदवही ठेवली आणि ग्रामपंचायतीने गावातील जुनी झाडे राखली, तर दरवर्षी कोण केव्हा येतो आणि कोण येईनासा झाला, हे गावाला स्वतःच सांगता येईल.