भीमगीतांचा ठेका कीबोर्डमध्ये आपणच भरूया

१४ एप्रिल जवळ आला की वस्त्यावस्त्यांत गायन पार्ट्यांच्या तालमी सुरू होतात. पूर्ण वाद्यवृंद परवडत नाही म्हणून अनेक पार्ट्या एका अरेंजर कीबोर्डवर उभ्या राहतात. पण कंपनीने भरलेल्या बहुतेक स्टाइल पॉप, डान्स नाहीतर बॉलरूमच्या. त्यांवर भीमगीत गायले की शब्द राहतात, ठसका जातो. भीमराव कर्डकांच्या जलशांपासून वामनदादा कर्डकांपर्यंत (१९२२–२००४) आपला विचार लोकांच्या ओळखीच्या तालावरच घरोघरी पोहोचला. म्हणून स्वतःची स्टाइल बनवणे आपण शिकले पाहिजे.

यामाहाच्या पीएसआर-एसएक्स ७०० आणि ९०० मध्ये 'स्टाइल क्रिएटर' आहे. स्टाइलचे इंट्रो, मेन, फिल-इन, एंडिंग असे भाग असतात. प्रत्येक भागात आठ चॅनल: दोन ऱ्हिदम, एक बेस, दोन कॉर्ड, एक पॅड, दोन फ्रेज.

ठेका आधी. केरव्याच्या आठ मात्रा ४/४ च्या एका मेजरमध्ये बसतात, दादऱ्याच्या सहा मात्रा ३/४ मध्ये. हे सुरुवातीलाच ठरवा. रेकॉर्डिंग गोल फिरत राहते. पहिल्या फेरीत ढोलकीचा घुमारा, दुसरीत चाटीचे बोल, शेवटी झांज भरा. मनासारखा ढोलकीचा आवाज नसेल, तर खऱ्या ढोलकीचे बोल रेकॉर्ड करून संगणकावरील 'एक्स्पान्शन मॅनेजर'मधून कीबोर्डमध्ये घालता येतात.

मग बेस आणि कॉर्ड. हे भाग पांढरी एकच्या मेजर सेव्हन्थमध्ये भरायचे. सा, ग, प, नि हे तिचे सूर. रे आणि ध चालतात, शुद्ध म टाळा. वाजवताना तुम्ही दुसरी कॉर्ड धरली की कीबोर्ड हेच सूर तिच्याप्रमाणे हलवतो. मुळात विसंगत सूर भरला असेल, तर तो तिथे खटकतो.

शेवटी भाग वेगळे करा. मेन ए अंतऱ्यासाठी हलका ठेवा. भीमगीतात शब्द ऐकू आलाच पाहिजे. मेन बी मुखड्यासाठी आणि कोरससाठी भरा. फिल-इन एकाच मेजरचा असतो, त्यात लांब तिहाई बसत नाही. छोटा उठाव पुरे.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. ही स्टाइल ढोलकीवाल्याला घरी बसवण्यासाठी नाही. जिथे तो आहे, तिथे ऱ्हिदमचे चॅनल बंद करा आणि त्यालाच वाजवू द्या. त्याचे बोल रेकॉर्ड करायचे असतील तर परवानगी घ्या, मानधन द्या, मंचावरून त्याचे नाव घ्या. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी ताल जपला, त्यांचा हात फुकट वापरणे आंबेडकरी चळवळीला शोभणारे नाही.

तयार स्टाइल पेनड्राइव्हवर जतन करा आणि शेजारच्या वस्तीतल्या पार्टीलाही द्या. स्वतःचे आवाज घातले असतील, तर त्यांचा पॅकही सोबत द्या, नाहीतर तिथे ढोलकी नीट वाजणार नाही. अशा दहा-वीस स्टाइल आपसांत फिरल्या, तर येत्या जयंतीला नव्या पोरापोरींना उसन्या ठेक्यावर गावे लागणार नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!