व्याख्यानांची निवड : मुक्त आज्ञावली चळवळीतील एक प्रश्न

लिनक्स वापरणाऱ्यांचे गट भारतातील मोठ्या शहरांत १९९० च्या दशकात उभे राहिले. अधूनमधून जमणे, एकमेकांच्या अडचणी सोडविणे आणि एखादे व्याख्यान ऐकणे, एवढेच त्यांचे स्वरूप होते. अशा लहान बैठकीसाठी वक्ता शोधावा लागतो. निवडीचा प्रश्न उद्भवतो तो मोठ्या परिषदेत.

बंगळुरूचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथे २००१ मध्ये ‘लिनक्स बंगलोर’ ही परिषद सुरू झाली. कार्यक्षेत्र विस्तारल्यामुळे २००५ मध्ये तिचे नाव ‘फॉस डॉट इन’ झाले. पुढे आयोजकांनी प्रत्यक्ष योगदान हा निकष ठळक केला. आज्ञावलीच्या घडणीत ज्याचा हात आहे त्याने बोलावे आणि श्रोत्यांनीही केवळ ऐकून न थांबता कामाला लागावे, असा त्याचा आशय होता. मुक्त आज्ञावली वापरण्यात भारत पुढे, पण घडविण्यात मागे, ही खंत त्यामागे होती. या निकषामुळे नवशिका श्रोता दुरावतो, हा आक्षेपही रास्तच म्हणावा लागेल.

२००९ पासून भरणाऱ्या ‘पायकॉन इंडिया’त व्याख्यानांचे प्रस्ताव खुल्या आवाहनाद्वारे मागविले जातात. प्रस्तावात श्रोत्याला आवश्यक असलेले पूर्वज्ञान नमूद असेल, तर प्राथमिक आणि प्रगत विषयांचा मेळ घालणे सुकर होते. वक्त्याचे नाव झाकून परीक्षण केल्यास प्रसिद्धीचा प्रभाव घटतो. मात्र त्याला सभेपुढे नीट बोलता येते की नाही, हे कागदावरून कळत नाही. त्यासाठी स्थानिक गटाच्या मासिक बैठकीतील अनुभवच उपयोगी पडतो.